घरगुती कार लिफ्ट

घरगुती कार लिफ्ट : खासगी गॅरेजमध्ये मोटारगाडी जमिनीपासून उचलून ठरावीक उंचीवर धरून ठेवणारे यंत्र. ते घेण्यामागे दोनच हेतू असतात. एक, गाडीखाली उभे राहून किंवा निदान नीट बसून काम करता यावे. दुसरा, एका गाडीच्या जागेत दोन गाड्या मावाव्यात. या दोन कामांची यंत्रे वेगळी आहेत आणि निवडीतला गोंधळ सहसा इथूनच सुरू होतो.

अमेरिकेत या यंत्राला ‘लिफ्ट’ म्हणतात, ब्रिटनमध्ये ‘रॅम्प’, ऑस्ट्रेलियात ‘होइस्ट’. आपल्याकडच्या गॅरेजात ‘गाडी रॅम्पवर घे’ हेच ऐकू येते. घरी लिफ्ट बसवण्याची हौस मात्र मुख्यतः अमेरिकेतली. घराला जोडून बंदिस्त गॅरेज, जुन्या गाड्या स्वतः दुरुस्त करून पुन्हा चालत्या करण्याचा नाद आणि मेकॅनिकच्या मजुरीचे चढे दर, या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र आल्या.

हायड्रॉलिक कार लिफ्टचे श्रेय टेनेसी राज्यातील मेम्फिसचे मेकॅनिक पीटर लुनाटी यांना दिले जाते. न्हाव्याची खुर्ची तेलाच्या दाबाने वर जाते, तर गाडी का नाही, असा त्यांचा विचार. १९२५मध्ये त्यांनी ‘रोटरी लिफ्ट’ हा व्यवसाय सुरू केला. जमिनीत पुरलेल्या एकाच दट्ट्यावर गाडी वर जाई आणि तिथे गोल फिरवता येई, म्हणून हे नाव. महाराष्ट्रातल्या सर्व्हिस स्टेशनांवर गाड्या धुण्यासाठी असलेला एकखांबी रॅम्प हा त्याच घराण्यातला. कॉम्प्रेसरची हवा टाकीतल्या तेलाला दाबते आणि दट्ट्या वर येतो. घरासाठी हा प्रकार आज कोणी सुचवत नाही. खोल खड्डा खणावा लागतो, आणि जमिनीखाली तेल गळू लागले तर ते लवकर कळत नाही.

घरासाठी प्रामुख्याने तीन प्रकार विचारात घेतले जातात. दोनखांबी लिफ्टमध्ये प्रत्येक खांबातून दोन भुजा निघतात आणि गाडीच्या सांगाड्याखालील ठरलेल्या चार जागी टेकतात. चाके मोकळी लटकत राहतात, त्यामुळे ब्रेक, सस्पेंशन, क्लच प्लेट, गिअरबॉक्स असे कुठलेही काम करता येते. चारखांबी लिफ्टमध्ये गाडी दोन लांब पट्ट्यांवर चढवतात आणि ती स्वतःच्या चाकांवर उभी राहते. गाडी महिनोन्‌महिने वर ठेवून खाली दुसरी लावण्यासाठी हीच योग्य. तिच्यावर चाके काढायची तर दोन पट्ट्यांच्या मध्ये सरकणारा वेगळा जॅक घ्यावा लागतो, आणि वरच्या गाडीचे तेल खालच्या गाडीच्या टपावर ठिबकू नये म्हणून मध्ये ट्रे लावावे लागतात. तिसरा प्रकार कात्रीचा, म्हणजे गाडीखाली कात्रीसारख्या उघडणाऱ्या पायांचा. ती बसकी असते, गाडी अर्ध्या उंचीपर्यंतच नेते. टायर, ब्रेक, धुलाई यांना पुरते. गाडीच्या पोटाखालचा मधला भाग मात्र तिनेच अडवलेला असतो, म्हणून सायलेन्सर किंवा गिअरबॉक्स काढायला ती कुचकामी. दोन सुट्या चौकटींची, उचलून भिंतीला टेकवून ठेवता येईल अशी हलकी लिफ्टही मिळते. ‘क्विकजॅक’ हे त्यातले प्रसिद्ध नाव. ती गाडी साधारण दोन फुटांपर्यंत उचलते, आणि ज्यांचे काम ऑइल बदलण्यापलीकडे क्वचितच जाते, त्यांनी पुढचे वाचण्याआधी तिचाच विचार करावा.

छत

लिफ्टची माहितीपत्रके वजनापासून सुरू होतात. निवड करणाऱ्याने टेप घेऊन छतापासून सुरू करावे, कारण वजनाची अडचण क्वचित येते आणि उंचीची जवळजवळ नेहमी.

अमेरिकेतील साध्या घरगुती गॅरेजचे छत ८ ते ९ फूट असते. दोन्ही खांब वरून आडव्या तुळईने जोडलेल्या दोनखांबी लिफ्टला सुमारे १२ फूट लागतात. केबल आणि तेलाची नळी वरून न नेता जमिनीवरून, पत्र्याच्या झाकणाखालून नेलेली बुटकी लिफ्ट ९ ते १० फुटांत बसते. तिच्यात तो पत्रा मधोमध उंचवट्यासारखा राहतो आणि गिअरबॉक्सची ट्रॉली ढकलताना दर वेळी आडवा येतो. वरून जोडलेल्या लिफ्टच्या तुळईखाली एक दांडी असते. गाडीचा टप तिला लागला की मोटर बंद पडते. बुटक्या लिफ्टमध्ये ही राखण नसते, तिथे डोळा वर ठेवूनच बटण दाबायचे.

लिफ्ट बसली म्हणजे गाडी पुरेशी वर जाईल असेही नाही. पावणेपाच फूट उंचीची सेडान ८ फुटी छताखाली जेमतेम तीन फूट वर जाते. तीन फुटांखाली माणूस उभा राहत नाही, चाकांच्या बुटक्या स्टुलावर बसून काम करतो. पाठीवर लोळत, डोळ्यांत माती घेत काम करण्यापेक्षा हे कितीतरी बरे, पण चित्रातल्यासारखे ताठ उभे राहणे नव्हे. बॉनेट उघडा ठेवून गाडी वर घ्यायची असेल तर हिशेब आणखी बदलतो.

दोन गाड्या एकावर एक लावताना बेरीज सोपी आहे: दोन्ही गाड्यांची उंची, पट्टीची जाडी सुमारे अर्धा फूट आणि वर-खाली मिळून चार बोटे मोकळी जागा. दोन सेडानना जवळपास साडेदहा फूट लागतात. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर स्विफ्ट सुमारे ५ फूट आणि क्रेटा साधारण ५ फूट ४ इंच; दोन्ही मिळून ११ फुटांच्या पुढे जातात. फॉर्च्युनर सहा फुटांची आहे, तिच्यावर काही ठेवायचा विचार सोडलेला बरा. शिवाय वर सरकून छताला समांतर राहणारे गॅरेजचे दार विसरू नये. उघडलेले दार नेमके वरच्या गाडीच्या जागी येते. मग त्याचे रूळ छतालगत वर न्यावे लागतात आणि मधोमध टांगलेली मोटर काढून बाजूच्या भिंतीवर बसणारी घ्यावी लागते. हा खर्च लिफ्टच्या किमतीत कोणी धरलेला नसतो.

जमीन

दोनखांबी लिफ्टचा सगळा भार दोन तळपट्ट्यांतून काँक्रीटवर येतो. तो नुसता खाली दाबणारा नसतो. भुजांवरची गाडी खांबांना आत ओढत असते, म्हणजे तळपट्टीच्या एका बाजूचे बोल्ट सतत वर उपटले जात असतात. म्हणून बहुतेक उत्पादक किमान चार ते सव्वाचार इंच जाडीचे आणि ३,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) ताकदीचे काँक्रीट मागतात. आपल्याकडच्या भाषेत ढोबळमानाने एम-२५ प्रतीचे काँक्रीट. नवे काँक्रीट ओतले तर पूर्ण २८ दिवस जाऊ द्यावे लागतात. भेग, सांधा किंवा स्लॅबची कड यांच्याजवळ बोल्ट मारायचा नसतो. स्लॅबच्या आत ताणून बसवलेल्या पोलादी तारा असतील तर तिथे ड्रिल लावणे हाच धोका. तार तुटली तर स्लॅबची ताकद जाते आणि समोरच्या माणसाच्या जिवावर बेतू शकते.

काँक्रीट किती जाड आहे हे वरून पाहून कळत नाही. घर बांधणाऱ्याचा शब्दही इथे पुरेसा नाही. ज्या जागी खांब येणार तिथे पातळ बिटाने एक भोक पाडावे. भुकटी पांढरट-करडी येत असते आणि एका क्षणी बिट धसकन आत जातो, टोकावर ओली माती चिकटून येते. बिटाला गुंडाळलेल्या चिकटपट्टीवर तिथे खूण करून मोजावे. माप साडेतीन इंच आले, तर लिफ्ट बदलण्याऐवजी त्या दोन जागा कापून काँक्रीटचे खोल फुटिंग (पाया) ओतणे हा राजमार्ग.

आपल्याकडच्या बंगल्यात तर हे जवळजवळ गृहीतच धरावे. पोर्चमध्ये पेव्हिंग ब्लॉक असतात, नाहीतर शहाबादी किंवा टाइल आणि तिच्याखाली पातळ पीसीसी, म्हणजे सळया नसलेले साधे काँक्रीट. यातले काहीही अँकर बोल्ट धरत नाही. टाइल फोडून, सळया बांधून आरसीसी घालणे आणि आठवडाभर पाणी मारणे हा लिफ्टच्या खरेदीचाच भाग समजावा. चारखांबी लिफ्टचे वजन चार कोपऱ्यांत वाटले जाते आणि गाडी चाकांवर असते, त्यामुळे अनेक घरगुती मॉडेल बोल्टशिवाय उभी राहतात. काहींना चाके लावून सरकवताही येतात. कमकुवत जमीन असलेल्याने हा फरक किमतीच्या वर ठेवावा.

वजन आणि भुजा

अमेरिकी घरांत ९,००० किंवा १०,००० पौंडांची, म्हणजे अनुक्रमे सुमारे ४,०८० आणि ४,५३५ किलोंची दोनखांबी लिफ्ट सर्रास घेतली जाते. तिथे पिकअप ट्रक असतात. स्विफ्टचे वजन ९०० किलोंच्या आसपास. तिच्यासाठी हा आकडा निरर्थक वाटेल. पण लिफ्टची क्षमता चार भुजांत वाटलेली असते. १०,००० पौंडांच्या लिफ्टची एक भुजा २,५०० पौंडच पेलते, आणि गाडीचे वजन चारही बाजूंना सारखे कधीच नसते. पुढे इंजिन आणि गिअरबॉक्स असलेल्या गाडीत पुढच्या भुजा जास्त ओझे घेतात.

याच कारणाने असममित लिफ्ट निघाली. तिचे खांब थोडे फिरवलेले असतात, पुढच्या भुजा आखूड आणि मागच्या लांब. गाडी जरा मागे उभी राहते, गुरुत्वमध्य खांबांच्या रेषेत येतो आणि दारही खांबावर न आपटता उघडते. लांब पिकअप किंवा व्हॅनसाठी मात्र सममित भुजा बऱ्या. खाली बसक्या गाड्या असतील तर भुजेवरचा रबरी पॅड सर्वांत खाली असताना किती उंच आहे ते पाहावे. दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर स्पोर्ट्‌स कारखाली भुजा सरकतच नाही. इलेक्ट्रिक गाडीत पोटाखाली बॅटरी असते, पॅड तिला टेकता कामा नये. कडेचे ठरलेले बिंदू गाडीच्या पुस्तिकेत बघूनच भुजा लावाव्यात.

लॉक

गाडी वर जाताना खांबातून ‘खट्‌, खट्‌’ असा आवाज येतो. दर काही इंचांवर असलेल्या खाचांत लोखंडी खिटी पडत असते. गाडीला वर धरून ठेवायचे ते या खिटीने, तेलाने नव्हे. हव्या त्या उंचीच्या थोडे वर न्यायचे आणि मग कळ दाबून वजन खिटीवर बसेपर्यंत खाली सोडायचे. दोन्ही खांबांचा ‘खट्‌’ ऐकू आल्याशिवाय गाडीखाली जायचे नाही. त्याआधीचीही एक सवय आहे: चाके जमिनीपासून वीतभर उचलली की थांबायचे आणि बंपर धरून गाडी जोरात हलवायची. घसरायची असेल तर ती तिथेच घसरेल.

खिट्या सोडवण्याची एकच दोरी आहे की प्रत्येक खांबावर वेगळी, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे. अनेक चारखांबी लिफ्टमध्ये खिट्या हवेच्या दाबाने सुटतात. म्हणजे घरी कॉम्प्रेसर नसेल तर तोही आला.

अमेरिकेत १९४५मध्ये स्थापन झालेली ‘ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूट’ ही उत्पादकांची संस्था स्वतंत्र चाचणीनंतर लिफ्टला प्रमाणपत्र देते. तसे सोनेरी लेबल खांबावर चिकटवलेले असते. युरोपात ईएन १४९३ हे मानक आहे. ‘मानकांनुसार बनवलेली’ असे छापलेले असणे आणि लेबल असणे यांत फरक आहे. स्वस्त लिफ्टच्या जाहिराती पहिल्यावरच भागवतात.

विजेबाबत थोडेच सांगण्यासारखे आहे. अमेरिकी घरात साधा पॉइंट ११०–१२० व्होल्टचा असल्याने २२० व्होल्टची वेगळी लाइन ओढावी लागते. भारतात २३० व्होल्ट मिळतातच, पण वर्कशॉपसाठी विकल्या जाणाऱ्या बऱ्याच लिफ्ट थ्री-फेजच्या असतात. सिंगल-फेज मोटर हवी असे आधीच सांगावे. अमेरिकेतून आणलेली मोटर ६० हर्ट्‌झची असते, इथे ५० हर्ट्‌झवर ती हळू आणि गरम चालते.

मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमधले स्टॅक पार्किंग दिसायला चारखांबी लिफ्टचे भावंड, पण ते फक्त गाड्या ठेवण्यासाठी आहे. त्याच्या पत्र्याच्या तळाखाली हात घालायला जागा नसते आणि साध्या प्रकारात खालची गाडी हलवल्याशिवाय वरची उतरत नाही. खाली खड्डा असलेल्या प्रकारात पावसाळ्यात पाणी साचते. कोकणात किंवा गोव्यात उघड्या शेडमध्ये लिफ्ट बसवणाऱ्याने पावडर कोटिंगऐवजी गॅल्व्हनाइज्ड खांब मागावेत आणि पोलादी केबलला दर पावसाळ्याआधी तेल द्यावे. खारी हवा आधी केबलच्या आतल्या तारा खाते. वरून ती चांगलीच दिसत राहते.