डब्याखालच्या त्रिकोणाचा खुलासा

‘डब्याखाली बाणांचा त्रिकोण असेल तर त्या प्लास्टिकचं रिसायकलिंग होतंच,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. गैरसमज होणं साहजिक आहे, चिन्हच तसं आहे.

खरं तर तो त्रिकोण आणि आतला १ ते ७ आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने 1988 मध्ये ही पद्धत आणली. गोंधळ होतो म्हणून 2013 साली तिकडच्या मानकातून बाण काढून साधा भरीव त्रिकोण ठेवला, पण आपल्याकडच्या डब्यांवर बाण अजून दिसतात.

घरीच पाहा. पाण्याच्या बाटलीचा तुकडा (१) आणि तिच्याच झाकणाचा तुकडा (बहुधा २ किंवा ५) बादलीत पूर्ण बुडवून सोडा. बाटलीचा तुकडा तळाला जातो, झाकणाचा वर येतो. बाटली एक, प्लास्टिकं दोन! ती एकत्र वितळवली तर माल कमअस्सल होतो, म्हणून आधी निवडावी लागतात.

मग पुन्हा वापरात काय येतं? ज्याला गिऱ्हाईक आहे ते. सोलापुरात हे सांगायला गल्लीत येणारा भंगारवालाच पुरे. बाटल्या, कॅन, बादल्या तो वजनावर घेतो. शेंगाचटणीचं आतून चंदेरी पाकीट मात्र सहसा परत देतो, कारण त्यात वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते सुटे करणं परवडत नाही. अशा पाकिटावर ७ आकडा असला तरी त्याचा अर्थ एवढाच, की ‘इतर’. त्यापेक्षा चटणी सुटी, घरच्या डब्यात आणलेली बरी.