शापसंभ्रम (संगीत नाटक)

गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांचे संगीत नाटक. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’ या सातव्या शतकातील संस्कृत गद्यकथेवरून ते १८९३ मध्ये रचले गेले आणि किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले.

‘कादंबरीवरचे नाटक’ हे वर्णन याला अक्षरशः लागू पडते, कारण बाणाच्या याच ग्रंथाच्या नावावरून मराठीने सबंध साहित्यप्रकाराला नाव दिले. बडोद्यात हे चटकन ध्यानात येते. दांडिया बाजारातल्या मराठी घरात जी कादंबरी, तीच शेजारच्या गुजराती घरात ‘नवलकथा’.

देवलांची नाटके एकूण सात. त्यांपैकी मृच्छकटिक, शारदा आणि संशयकल्लोळ यांनी मंडळ्यांना वर्षानुवर्षे पोसले. शापसंभ्रमाला तेवढे प्रयोग कधीच लाभले नाहीत. देवलांच्या लेखणीला बोल लावण्याचे कारण नाही. त्यांची पदे साधी आणि गळ्यावर सहज चढणारी. अडचण मूळ कथेच्या बांधणीतच आहे. शूद्रक राजाच्या दरबारात एक चांडालकन्या पोपट घेऊन येते. पोपट आपली हकीकत सांगतो, त्या हकिकतीत जाबाली ऋषी कथा सांगतात, आणि त्या कथेत महाश्वेता राजपुत्र चंद्रापीडाला आपले दुःख सांगते. तिचा प्रियकर पुंडरीक विरहाने मरताना चंद्राला शाप देतो, चंद्र उलट त्याला देतो. मग चंद्र चंद्रापीड होऊन जन्मतो. पुंडरीक आधी वैशंपायन आणि नंतर तोच पोपट होतो. पुंडरीकाचा मित्र कपिंजल घोडा होतो आणि अच्छोद सरोवरात उडी घेतल्यावर पुन्हा माणूस. वाचणारा चार पाने मागे जाऊन बघू शकतो. रंगमंचापुढच्या पिटात बसलेल्याला ती सोय नाही.

त्यात हे संगीत नाटक. पद सुरू झाले की कथानक थबकते, ‘वन्स मोअर’ आला की आणखी थबकते. किर्लोस्करांच्या सौभद्र नाटकात ते खपते, कारण सुभद्रा अर्जुनालाच मिळणार हे घरून निघतानाच सगळ्यांना ठाऊक असते. इथे मात्र मधला धागा सुटला की पुढचा जन्म कोणाचा तेच उमगत नाही.

तरीही देवलांना या कथेचा मोह का पडला असेल, हे मूळ ग्रंथ वाचताना जाणवते. किन्नरांचा पाठलाग करता करता वाट चुकलेला चंद्रापीड सरोवराकाठी येतो आणि त्याला वीणेचे सूर ऐकू येतात. सुरांच्या मागाने गेल्यावर शिवालयात एकटीच गाणारी गौरवर्णी तपस्विनी दिसते, ती महाश्वेता. गाणे कथेतच आहे, नाटककाराला ते वेगळे घुसडावे लागत नाही. संगीत रंगभूमीला याहून सुरेख प्रवेश क्वचितच मिळाला असेल.

मंडळीचे तेव्हाचे मुख्य गायक नट भाऊराव कोल्हटकर (१८६३–१९०१) हे बडोद्याचे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ मध्ये त्यांना मंडळीत आणले आणि पुढे तेच मंडळीच्या मालकांपैकी एक झाले. असा आवाज हाताशी असूनही नाटक मागे पडले, ते व्यवहारामुळे. मंडळी म्हणजे फिरता संसार. नटांचे पगार, सगळ्यांची जेवणे, रेल्वेभाडे, थिएटरचे भाडे, आणि मिळकत त्या त्या रात्रीच्या तिकिटांची. अशा संसारात हमखास गर्दी खेचणारा खेळच पुन्हा पुन्हा लावावा लागतो आणि बाकीचे मागे राहतात.

यानंतरचे देवलांचे शारदा (१८९९) हे त्यांचे एकमेव स्वतंत्र नाटक. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या मुलीची गोष्ट प्रेक्षकाच्या आळीतली होती. पुढे बडोद्यातच २० फेब्रुवारी १९१९ रोजी सयाजीराव महाराजांचा आश्रय लाभलेल्या गंधर्व नाटक मंडळीने राम गणेश गडकऱ्यांच्या एकच प्यालाचा पहिला प्रयोग केला. त्यातल्या दारुड्याच्या बायकोचे, सिंधूचे, दुःख कळायला कोणाचा पूर्वजन्म लक्षात ठेवावा लागत नाही.