अत्युच्च ऊर्जेचे ब्लेझार : वर्णपटव्यापी प्रारण

ज्या सक्रिय दीर्घिकेच्या (गाभ्यातून प्रचंड ऊर्जा बाहेर टाकणाऱ्या आकाशगंगेच्या) केंद्रातील महाकाय कृष्णविवराजवळून निघालेला कणांचा झोत जवळजवळ थेट पृथ्वीच्या रोखाने येतो, तिला ब्लेझार म्हणतात. ज्यांचे गॅमा किरण सु. १०० गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या (दृश्य प्रकाशकणाच्या ऊर्जेच्या अब्जावधी पटींच्या) वर आढळले, ते अत्युच्च ऊर्जेचे ब्लेझार. त्यांत बीएल लॅसर्टी प्रकारचे (ज्यांच्या वर्णपटात रेषा अगदी क्षीण असतात असे) बहुसंख्य आहेत. सप्तर्षी तारकासमूहातील मार्केरियन ४२१ हा असा पहिला ब्लेझार १९९२ मध्ये ॲरिझोनातील व्हिपल दुर्बिणीने नोंदवला.

प्रत्येक वारंवारतेला किती ऊर्जा बाहेर पडते हे आलेखावर मांडले, तर दोन उंचवटे दिसतात. पहिला रेडिओ तरंगांपासून क्ष-किरणांपर्यंत पसरतो. चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांचे ते सिंक्रोट्रॉन प्रारण होय. रेडिओ व दृश्य प्रकाशातील ध्रुवणामुळे (तरंगांची कंपने मुख्यतः एकाच दिशेत असल्यामुळे) याबद्दल वाद उरलेला नाही. झोताचा वेग प्रकाशवेगाच्या अगदी जवळ असल्याने हे प्रारण आपल्या दिशेने एकवटते आणि मुळापेक्षा कितीतरी तेजस्वी भासते.

वाद आहे तो गॅमा किरणांतील दुसऱ्या उंचवट्याचा. एका मतानुसार तेच इलेक्ट्रॉन स्वतःच निर्माण केलेल्या प्रकाशकणांवर आदळून त्यांना टेरा (हजार गिगा) इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत नेतात (व्यस्त कॉम्प्टन प्रकीर्णन). मार्केरियन ४२१ मध्ये क्ष-किरण व गॅमा किरण बहुधा एकदमच भडकतात, हा या मताचा मोठा आधार. त्याला एक गौसहून (गौस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) बरेच क्षीण चुंबकीय क्षेत्रही पुरते. दुसऱ्या मतानुसार प्रोटॉनही तितकेच वेगवान असतात. त्यांच्या सिंक्रोट्रॉन प्रारणातून गॅमा किरण मिळवायचे तर क्षेत्र काही दहा गौस मानावे लागते. प्रोटॉन प्रकाशकणांवर आदळून पायॉन हे अल्पजीवी कण निर्माण होत असतील, तर त्यांच्या विघटनातून गॅमा किरणांबरोबर न्यूट्रिनोही (विद्युत्‌भार नसलेले, जवळजवळ वस्तुमानहीन कण) निघायला हवेत. १ईएस १९५९+६५० या ब्लेझारमध्ये २००२ साली क्ष-किरणांची साथ नसलेला गॅमा भडका दिसला, तेव्हा या मताला बळ मिळाले. २२ सप्टेंबर २०१७ रोजी दक्षिण ध्रुवावरील आइसक्यूब या न्यूट्रिनो शोधकाने सु. २९० टेरा इलेक्ट्रॉन व्होल्टचा न्यूट्रिनो टिपला. त्याच्या दिशेला टीएक्सएस ०५०६+०५६ हा ब्लेझार होता आणि तो त्या वेळी भडकलेलाही होता. मात्र त्याचे सगळे गॅमा किरण प्रोटॉनांच्या नावे टाकले, तर क्ष-किरण प्रत्यक्षात मोजले त्याहून जास्त यायला हवे होते. म्हणून गॅमा किरण मुख्यतः इलेक्ट्रॉनांचे आणि प्रोटॉनांचा वाटा गौण, हे स्पष्टीकरण तूर्त अधिक सयुक्तिक वाटते.

इलेक्ट्रॉनांना हा वेग कोठे मिळतो, याविषयी क्ष-किरणांचे ध्रुवण मोजणाऱ्या आयएक्सपीई उपग्रहाने २०२२ मध्ये महत्त्वाची माहिती दिली. मार्केरियन ५०१ या ब्लेझारच्या क्ष-किरणांचे ध्रुवण सु. १० टक्के, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या दुपटीहून अधिक, आणि झोताच्या दिशेला समांतर आढळले. झोतातील आघात तरंगापाशी कण वेग घेतात व पुढे जाताना ऊर्जा गमावतात, या कल्पनेशी ते जुळते. याउलट, पीकेएस २१५५-३०४ या ब्लेझारचे गॅमा तेज जुलै २००६ मध्ये सु. २०० सेकंदांत दुपटीएवढे बदलत होते. तेज इतक्या झटपट बदलते म्हणजे ते फार लहान प्रदेशातून येत असले पाहिजे; इतका लहान उत्सर्जक प्रदेश, सगळे प्रारण एकाच प्रदेशातून येते असे मानणाऱ्या साध्या प्रतिकृतीत बसवणे कठीण जाते.

दूरच्या ब्लेझारांचे अत्युच्च ऊर्जेचे गॅमा किरण आंतरदीर्घिकीय अवरक्त व दृश्य प्रकाशात शोषले जातात. मूळ वर्णपट त्यामुळे गणितानेच काढावा लागतो.

मुंबईतील दोन संस्थांचे या विषयात दीर्घकाळ काम आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने पचमढीला व पुढे इतर संस्थांसह लडाखमधील हानलेला दुर्बिणी उभारल्या. २०१५ च्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरील क्ष-किरण उपकरणांतही तिचा मोठा वाटा आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची टॅक्टिक दुर्बीण माउंट अबूला आहे. गॅमा किरण वातावरणात शिरल्यावर उमटणारी निळसर चेरेनकोव्ह चमक काही अब्जांश सेकंदच टिकते, त्यामुळे ती टिपायला शहरापासून दूरचे काळेभोर आकाश लागते. याच केंद्राच्या पुढाकाराने हानले येथे सु. ४,२७० मीटर उंचीवर उभारलेल्या २१ मीटर व्यासाच्या मेस दुर्बिणीचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले.