मोजक्या श्रीमंतांचा जगाच्या कारभारावर हात: हे नेमकं कधीपासून चालू आहे

सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर मी १५१९ सांगेन. त्या वर्षी पवित्र रोमन साम्राज्याचा, म्हणजे जर्मनी आणि आसपासच्या मुलखाचा, सम्राट निवडायचा होता, मत देणारे फक्त सात जण, रिंगणात स्पेनचा राजा चार्ल्स आणि फ्रान्सचा राजा फ्रान्सिस, आणि मतांचा भाव चाललाय हे सगळ्या युरोपला माहीत. चार्ल्सने साधारण साडेआठ लाख फ्लोरिन (सोन्याची नाणी) ओतले आणि त्यातले जवळपास साडेपाच लाख एकट्या याकोब फुगरने पुरवले होते, हा जर्मनीतल्या ऑग्सबर्गचा सावकार. चार्ल्स निवडून आला. चार वर्षांनी वसुली रखडली तेव्हा फुगरने थेट सम्राटाला पत्र पाठवलं की माझ्या मदतीशिवाय तुम्हाला हा मुकुट मिळाला नसता, तेव्हा माझे पैसे द्या. आणि असं लिहूनही त्याचं काही वाकडं झालं नाही, चांदी-तांब्याच्या खाणींचे व्यवहार चालूच राहिले.

ह्याच फुगरचं अजून एक कर्ज होतं. आल्ब्रेख्त नावाच्या तरुण सरदाराला माइन्झचा आर्चबिशप व्हायचं होतं, त्यासाठी पोपला मोठी रक्कम द्यावी लागणार होती, ती त्याने फुगरकडून घेतली आणि फेडायला लोकांना पापमुक्तीची पत्रं विकायची परवानगी मिळवली. जमलेल्या पैशातला अर्धा वाटा फुगरचा, अर्धा रोमला. त्याच विक्रीवर चिडून मार्टिन ल्यूथर ह्या जर्मन धर्मगुरूने १५१७ मध्ये आपली ९५ कलमं लिहिली आणि पुढे आख्खा ख्रिस्ती युरोप दुभंगला. सावकाराला धर्म बदलायचा नव्हता हो, त्याला फक्त व्याजासकट मुद्दल हवं होतं. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुढच्या पाचशे वर्षांत बहुतेक वेळा असंच झालंय, काही लोकांनी आपला पैसा राखायला पाऊल उचललं आणि त्याचे परिणाम भलत्याच लोकांच्या पिढ्यांनी भोगले.

मग कंपन्यांचा जमाना आला. इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी १६००, डचांची १६०२, स्वतःचं सैन्य, किल्ले, तह करायचा अधिकार. १७५७ ला प्लासीच्या वेळी बंगालचे बडे सावकार जगत शेठ कंपनीच्या बाजूने कटात होते, म्हणजे सावकार दोन्हीकडचे. आणि १७७२ मध्ये ही कंपनी कर्जात बुडाली तेव्हा ब्रिटिश सरकारने तिला उचलून धरलं, तिचा साठलेला चहा खपावा म्हणून १७७३ चा कायदा केला, तो चहा बॉस्टनच्या बंदरात लोकांनी समुद्रात फेकला. बुडणाऱ्या बड्या कंपनीला सरकारने वाचवायचं ही २००८ च्या आर्थिक संकटातली नवी आयडिया नाहीये.

एकोणिसाव्या शतकात रॉथचाइल्ड हे ज्यू सावकारांचं घराणं येतं. मायर आम्शेलची पाच मुलं फ्रँकफर्ट, व्हिएन्ना, लंडन, नेपल्स, पॅरिस अशी पसरली आणि सरकारांना कर्ज उभारून देऊ लागली. १८७५ ला ब्रिटनने सुएझ कालव्याचे शेअर्स घेतले ते चाळीस लाख पौंड लायोनेल रॉथचाइल्डने दिले, हा खरा इतिहास. पण वॉटर्लूच्या लढाईची बातमी आधी मिळवून त्यांनी अख्खं लंडन मार्केट लुटलं ही जी गोष्ट फिरते, ती १८४६ मधल्या एका ज्यूद्वेषी पत्रकातून पसरली आणि पुढे नाझींनी ती मुद्दाम वापरली. ज्यूंच्या जागतिक कटाचा तथाकथित दस्तऐवज १९०३ मध्ये रशियात छापला गेला, तो ढापून रचलेला बनावट मजकूर आहे हे लंडनच्या टाइम्सने १९२१ मध्येच पुराव्यासकट दाखवलं. तरी आजही लोक तेच फॉरवर्ड करतात, आणि ह्याचा मला मनापासून राग येतो, एक तर त्या खोट्याने लाखो निरपराध माणसांच्या हत्येला हातभार लावलाय आणि वर खऱ्या सत्तेकडे बघायचं राहूनच जातं.

खऱ्या गुप्त बैठका झाल्या नाहीत असंही नाही. १९०७ च्या अमेरिकन बँक संकटात जे. पी. मॉर्गन ह्या बड्या बँकरने बाकीच्या बँकर्सना बोलावून कोणती बँक वाचवायची ते ठरवलं, कारण देशाला मध्यवर्ती बँकच नव्हती. १९१० मध्ये सिनेटर आल्ड्रिच आणि मोठे बँकर जेकिल बेटावर गुपचूप जमले, तिथे तयार झालेल्या आराखड्यातला बराच भाग १९१३ च्या फेडरल रिझर्व्ह (अमेरिकेची मध्यवर्ती बँक, थोडक्यात फेड) कायद्यात आला.

आता १९५४ चं ग्वाटेमाला बघा. राष्ट्राध्यक्ष आर्बेंझने पडीक जमिनी भूमिहीनांना वाटायचा कायदा केला, त्यात युनायटेड फ्रूट ह्या अमेरिकन केळी कंपनीच्या जमिनी गेल्या. भरपाई किती द्यायची? कंपनीने टॅक्स वाचवायला स्वतःच कागदावर दाखवलेल्या किमतीएवढी, म्हणजे सुमारे ६ लाख २७ हजार डॉलर. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मागितले दीड कोटीच्या वर. परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस, त्यांचा सख्खा भाऊ ॲलन सीआयएचा प्रमुख, आणि दोघेही आधी ज्या लॉ फर्ममध्ये होते तिने युनायटेड फ्रूटचं काम केलेलं. कम्युनिझमची भीती हेही कारण होतंच, ते नाकारत नाही. जूनमध्ये सीआयएच्या कारवाईने आर्बेंझ गेले, जमिनी परत घेतल्या गेल्या, आणि १९६० ते १९९६ च्या यादवीत सुमारे दोन लाख माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली.

त्याच वर्षी मे महिन्यात नेदरलँड्सच्या बिल्डरबर्ग हॉटेलात युरोप-अमेरिकेच्या बड्या लोकांची पहिली बैठक झाली, १९७१ ला क्लाउस श्वाबने दावोसचं संमेलन सुरू केलं, १९७३ ला डेव्हिड रॉकफेलरने ट्रायलॅटरल कमिशन काढलं. ह्या बैठकांवर लोक तासन्तास बोलतात, मला त्या दुय्यम वाटतात. तिथे ओळखी होतात, एकच भाषा तयार होते, पण जास्त काम खुर्च्यांच्या अदलाबदलीतून होतं. २००८ मध्ये अमेरिकेचे अर्थमंत्री हँक पॉल्सन होते, गोल्डमन सॅक्स ह्या बड्या बँकेचे माजी प्रमुख, आणि बुडायला आलेल्या एआयजी ह्या विमा कंपनीला फेडने ८५ अब्ज डॉलर दिले तेव्हा गोल्डमनची त्या कंपनीकडची येणीही पूर्ण वसूल झाली.

गेल्या काही वर्षांत अजून एक बदल झालाय. २०२२ पासून युक्रेनच्या सैन्याचं बरंचसं इंटरनेट स्टारलिंकवर, म्हणजे इलॉन मस्कच्या उपग्रह-इंटरनेट सेवेवर चालतं, म्हणजे युद्धात संपर्क कुठे मिळेल हे ठरवायची ताकद एका खासगी माणसाच्या कंपनीकडे गेली, आणि त्याच मस्कने २०२४ च्या अमेरिकन निवडणुकीत २५ कोटी डॉलरहून जास्त ओतले.

दुसऱ्या बाजूनेही प्रयत्न झालेत. २०१६ च्या पनामा पेपर्समध्ये श्रीमंतांनी परदेशी कंपन्यांत लपवलेल्या पैशांची १ कोटी १५ लाख कागदपत्रं फुटली, आइसलँडच्या पंतप्रधानाला पद सोडावं लागलं. २०२१ मध्ये १३० हून जास्त देशांनी मोठ्या कंपन्यांवर किमान १५ टक्के टॅक्सचा करार केला, २०२४ ला रिओच्या जी-२० परिषदेत अतिश्रीमंतांवरच्या टॅक्सचा उल्लेख जाहीरनाम्यात आला. मग जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्पनी १५ टक्क्यांच्या करारातून अंग काढलं, सूड म्हणून टॅक्स लावायची धमकी पुढे आली, आणि जूनमध्ये जी-७ देशांनी अमेरिकन कंपन्यांना त्यातल्या मुख्य तरतुदींतून वगळायचं मान्य केलं.