चॅप्लिन वॉकला येताय? आधी स्टेशनचं नाव नीट वाचा

नमस्कार मंडळी, लंडनमध्ये चार्ली चॅप्लिन जिथे लहानाचा मोठा झाला त्या जागा चालत दाखवणाऱ्या आपल्या वॉकच्या बुकिंगबद्दल आभार. हे पत्रक सगळ्यांना पाठवायचं मुख्य कारण एकच, आपल्या ग्रुपमधलं कुणी ना कुणी सारखं केन्सिंग्टनला जाऊन उभं राहतं. आपल्याला जमायचंय केनिंग्टनला. मध्ये 'स' नाही. साउथ केन्सिंग्टन म्हणजे ती मोठी म्युझियमं असलेला भाग, लंडनला आलेल्या प्रत्येकाच्या कानावर ते नाव असतंच, मग मॅपमध्ये 'केन' टाइप केलं की बोट तिकडेच जातं. मागे एक सहा जणांचं कुटुंब, सोबत आजी, तिकडे उभे आणि आम्ही इकडे केनिंग्टन स्टेशनच्या घुमटाखाली, फोनवर दोन्हीकडून एकच, "अहो आम्ही स्टेशनच्या बाहेरच आहोत!" आजींची फार दगदग झाली आणि बाकीच्यांचा पाऊण तास गेला. चुकून तिकडे पोचलातच तर डिस्ट्रिक्ट किंवा सर्कल लाइनने एम्बँकमेंट, तिथून नॉर्दर्न लाइनने दक्षिणेकडे, दुसरं स्टेशन केनिंग्टन. बाहेर आल्यावर वर घुमट दिसला की समजा बरोबर आलात.

दुसरा नेहमीचा प्रश्न, लेस्टर स्क्वेअरला चॅप्लिनचा पुतळा आहे तर तिथूनच का सुरू करत नाही? पुतळा जरूर बघा, पण तिथे गाइडची गरज नाही, फोटो काढून पाच मिनिटांत होतं. चार्ली घडला तो थेम्स नदीच्या या बाजूला, म्हणून आम्ही सुरुवात वर्कहाउसपासून, म्हणजे निराधार गरिबांना ठेवून काम करून घ्यायचे त्या जागेपासून करतो. स्टेशनपासून चालत साधारण दहा मिनिटं. १८९६ साली, सात वर्षांचा असताना, आई हॅना आणि मोठा भाऊ सिडनी यांच्यासोबत तो इथे आला, घरात काही उरलंच नव्हतं म्हणून. आत गेल्यागेल्या आई बायकांच्या विभागात आणि मुलं वेगळी. पुढे भेटीच्या दिवशी आई वर्कहाउसचे कपडे घालून समोर आली ते बघून तो हादरला होता, आणि तिने एप्रनच्या खिशातून खोबऱ्याच्या मिठाईची पुडी काढली, एका नर्ससाठी लेस विणून मिळालेल्या पैशातून घेतलेली. हे त्याने स्वतः आत्मचरित्रात लिहिलंय. हे सांगितलं की ग्रुपमधल्या आया गप्प होतात, दर वेळी. आज त्याच जुन्या इमारतीत सिनेमा म्युझियम आहे, आत जायला आधी वेळ घ्यावी लागते, ते आम्ही करून ठेवतो. उशीर झाला तर नेमकी हीच वेळ हुकते, म्हणून स्टेशनच्या नावावर एवढं लिहिलं.

मग मेथली स्ट्रीट, जिथे तो आईसोबत राहायचा, केनिंग्टन रोडवरचं वडिलांचं घर, आणि शेवटी ब्रिक्स्टन रोडवरचा ग्लेनशॉ मॅन्शन्समधला फ्लॅट. फ्रेड कार्नोच्या विनोदी नाटक कंपनीत पगार सुरू झाल्यावर दोघा भावांनी १९०८ मध्ये घेतलेलं आपलं असं पहिलं घर. इथून तो अमेरिकेला गेला, १९१३ च्या शेवटी आठवड्याला १५० डॉलरवर सिनेमात आला आणि १९१६ मध्ये आठवड्याला १०,००० डॉलर घेत होता! हा आकडा त्या दारासमोर उभं राहून ऐकावा, घरी वाचून तसं वाटत नाही.

"जन्माचं घर का नाही दाखवत?" असंही बरेच विचारतात, काहींनी तर नाराज होऊन मेसेज केलेत. जन्म १६ एप्रिल १८८९ चा, पण जन्मदाखला कधी मिळालाच नाही. तो स्वतः वॉलवर्थमधली ईस्ट स्ट्रीट सांगायचा. तो रस्ता आणि तिथला बाजार आम्ही हौशीने दाखवतो, पण कुठल्याही दाराकडे बोट दाखवून "हेच ते" म्हणणार नाही. तुम्ही पैसे देताय, तुम्हाला खरं तेच सांगायचं. पाऊनल टेरेस, जिथे उतरत्या छताखाली एका खोलीत मायलेकं राहायची, ते पाडलंय, त्यामुळे तिथे बघायला काही नाही.

गांधीजींची भेट? हो, झाली होती, २२ सप्टेंबर १९३१ ला कॅनिंग टाउनमध्ये एका भारतीय डॉक्टरांच्या घरी, गांधीजी गोलमेज परिषदेला आले होते तेव्हा. चार्लीने यंत्रांबद्दल विचारलं, तुमचा विरोध का म्हणून. पण ते शहराच्या पूर्व टोकाला, सकाळच्या वॉकमध्ये बसत नाही. त्यासाठी दुपारचा वेगळा वॉक आहे, दोन्ही एकत्र घेतले तर थोडं स्वस्त पडतं, बुकिंगच्या मेसेजलाच उत्तर देऊन सांगा.

एका वेळी आठच माणसं घेतो, सगळं मराठीतून, म्हणजे आजीआजोबांना मागे राहून "काय म्हणाला?" विचारावं लागत नाही. चालणं बऱ्यापैकी आहे, चांगले बूट घाला, छत्री ठेवा. आजींना दमायला होत असेल तर आधी कळवा, मध्ये बसायच्या जागा आम्हाला माहीत आहेत. बरोबर दहाला निघतो. आणि निघताना मॅपवर पुन्हा एकदा बघा, के-निं-ग्ट-न.