-सी म्हणजे अक्षरं नव्हेत, बाइट

युनिक्स-लिनक्सवर मजकूर मोजणारी डब्ल्यूसी कमांड काय करते हे माहीत असेलच. -एल लावलं की ओळी, -डब्ल्यू लावलं की शब्द. ओळी म्हणजे खरं तर एंटरच्या खुणा. शेवटच्या ओळीनंतर एंटर नसेल तर आकडा एकानं कमी येतो. शब्द म्हणजे मोकळ्या जागेनं वेगळं पडलेलं काहीही, मग ते ‘नागपूरकरांसाठीसुद्धा’ असो की नुसता ‘व’. इथं फारसं कुणी अडत नाही.

घोळ होतो तो -सी आणि -एममध्ये. काहीच न लावता डब्ल्यूसी चालवली की तीन आकडे येतात, आणि तिसऱ्याला लोक बिनधास्त ‘कॅरॅक्टर’ म्हणतात. तो बाइटचा, म्हणजे संगणकातल्या साठवणीच्या एककाचा आकडा आहे, आणि -सी तोच देतं. कॅरॅक्टर मोजतं ते -एम. नाव कॅरॅक्टरवरूनच पडलंय, कारण ही कमांड १९७१ च्या पहिल्या युनिक्सपासूनची. तेव्हा एक कॅरॅक्टर म्हणजे एक बाइट असंच धरून चालत. साध्या इंग्रजी फाइलवर आजही दोन्ही आकडे सारखेच येतात, म्हणून वर्षानुवर्षं चूक लक्षातच येत नाही.

आता ‘संत्री’ घ्या. स, अनुस्वार, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी: युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या खुणांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या हिशेबानं ६ कॅरॅक्टर. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड बाइटमध्ये साठवायची रीत) देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३ बाइट लागतात, म्हणजे १८. -एम ६ सांगेल, -सी १८. मजकूर छापणाऱ्या एको कमांडनं तपासाल तर ७ आणि १९ दिसतील, कारण एको शेवटी एंटर टाकतं. असल्या तपासणीला एंटर न टाकणारी प्रिंटएफ कमांडच वापरा.

याचा फटका कुठं बसतो? समजा, नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका अडत्याला शेतकऱ्यांना मराठीत एसएमएस पाठवायचाय. मराठीत एका संदेशात ७० कॅरॅक्टर मावतात. १६० हा आकडा इंग्रजीचा. मजकुरात देवनागरीच्या ६१ खुणा आणि ७ मोकळ्या जागा आहेत. -सी म्हणतं १९०. झालं, त्याचं पोरगं घाबरून अर्धा मजकूर कापतं. -एमला विचारलं असतं तर उत्तर होतं ६८, एकाच संदेशात आरामात बसणारं. काऊन कापलं मग?

-सी निरुपयोगी नाही. फाइल किती बाइटची आहे, अपलोडच्या मर्यादेत बसते का, हे त्यालाच विचारायचं. पण मजकुराची लांबी म्हणून बाइट सांगणं म्हणजे संत्री मोजायला सांगितली तर पेटीचं वजन सांगणं.

आणखी एक खोच: -एम लोकेलवर, म्हणजे सिस्टिमच्या भाषा-लिपीच्या सेटिंगवर चालतं. सर्व्हरवर किंवा क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) ‘सी’ नावाचं लोकेल असेल तर -एमही गुपचूप बाइटच मोजतं. दोन्ही आकडे सारखे आले आणि फाइल मराठी असली, तर आधी लोकेल बघा.

राहिली डोळ्यांना दिसणारी अक्षरं. ‘संत्री’त ती दोनच, सं आणि त्री. हा आकडा -सीही देत नाही आणि -एमही नाही. त्यासाठी पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेच्या रेगेक्समधला (मजकुरात नमुने शोधायची सोय) उलट्या तिरप्या रेघेनंतरचा मोठा एक्स वापरावा लागतो, आणि तिथंही पर्लची आवृत्ती बघा: जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडमध्ये २०२३ साली, १५.१ मध्ये आला. त्याआधीच्या नियमानं चालणारं पर्ल ‘त्री’ फोडून तीन सांगतं.