परागखुणा (मधमाशीवरील)

परागखुणा : मधुपेटीच्या तपासणीत काही कामकरी माश्यांच्या अंगावर, मागच्या पायांवरील परागगोळ्या सोडून अन्यत्र, दिसणारे परागाचे ठळक पट्टे, ठिपके वा झुपके. पाठीवर, पंखांच्या मधोमध उमटणारा पांढरा पट्टा ही त्यांतली सर्वांत लक्षवेधी खूण. तो रोग नव्हे.

ग्वाल्हेर, मुरैना आणि भिंड या पट्ट्यात हिवाळ्यात मोहरीचा फुलोरा असतो तेव्हा स्थलांतर करणाऱ्या मधुपालांच्या मेलिफेरा (युरोपीय मधमाशी) पेट्या शेतांच्या कडेने मांडलेल्या दिसतात. मोहरीचे फूल चार पाकळ्यांचे, उघडे. माशी त्यावर बसते तेव्हा पराग तोंडाला, पायांना व पोटाला विखरून लागतो, खूण अशी उमटत नाही. म्हणून मोहरीच्या ऐन बहरात एखाद्या माशीच्या पाठीवर नीट आखलेला पट्टा दिसला, तर ती दुसऱ्याही फुलांवर जाऊन आली आहे असे मानण्यास जागा आहे. खरिपात तिळावर वेगळे घडते. तिळाचे फूल नळीसारखे, पुंकेसर वरच्या बाजूला टेकलेले. आत शिरणाऱ्या माशीच्या पाठीला पराग लागतो. तुळशीचे पुंकेसर याउलट खालच्या ओठावर टेकलेले असल्याने पराग पोटाला लागतो, आणि पेटीतील पोळ्याची चौकट उचलल्यावर वरून तो नजरेस पडत नाही.

पांढऱ्या पट्ट्याचा सर्वाधिक अभ्यासलेला नमुना तेरड्याच्या कुळातला आहे. या फुलांचे पाच पुंकेसर एकमेकांना चिकटून कुक्षीवर (पराग स्वीकारणाऱ्या स्त्रीकेसराच्या टोकावर) टोपी घालतात आणि ती टोपी फुलाच्या तोंडाशी वरून खाली वाकलेली असते. मध मागच्या शेपटीसारख्या भागात असल्याने माशीला तिच्याखालूनच जावे लागते. पश्चिम हिमालयातील एक तेरडा 1839 मध्ये ब्रिटनला नेण्यात आला. तो तिथे नदीकाठांनी पसरला आणि त्यावर जाणाऱ्या, पाठ पांढरी झालेल्या माश्यांना तिकडचे मधुपाल ‘भूतमाश्या’ म्हणू लागले. भाद्रपदात गौरींसाठी तेरडा राखणाऱ्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी घरांच्या परसातही ही रचना पाहता येईल. मात्र फूल एकेरी असावे. दुपटी जातींत पाकळ्यांच्या दाटीमुळे आत जाणे अवघड होते.

खूण टिकते कशी, याबद्दल दोन मते आहेत. एका मतानुसार पराग इतका चिकट आणि भरपूर असतो की माशीला तो झाडायला वेळ मिळत नाही. दुसरे मत असे की माशीच्या अंगावर तिचे पाय नीट पोहोचत नाहीत अशा काही जागाच आहेत. पुढच्या पायांनी ती डोके व शृंगिका (मिशा) पुसते, मधल्यांनी उरोभाग, मागच्यांनी उदर. 2017 मध्ये जर्मन संशोधकांनी परागाने माखलेल्या मधमाश्या व भुंगमाश्यांना (बंबलबी) स्वतःला स्वच्छ करू दिले आणि उरलेला पराग तपासला. तो पाठीच्या मधल्या रेषेवर, कमरेशी आणि उदराच्या खालच्या बाजूस राहिलेला आढळला. अनेक फुलांचे परागकोश व कुक्षी याच जागी टेकतात. नुसता वेळ न मिळाल्याने पट्टा इतका सरळ व मधोमध का राहावा हे पहिल्या मताने उलगडत नाही, त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. अर्थात चिकटपणाचा वाटा नाकारण्याचे कारण नाही.

ऑर्किडच्या परागाचे पुंज माशीच्या डोक्याला चिकटतात तेव्हा शिंगे फुटल्याचा भास होतो. युरोपात काही मधुपालांनी हा रोग समजल्याच्या जुन्या नोंदी आहेत. रुईचे परागपुंजही चिमट्यासारख्या भागाने कीटकाच्या पायाला अडकतात, परंतु त्या फुलावरील मुख्य वाहक मोठे काळे भुंगे होत.

दोन गोष्टींशी गल्लत होते. व्हरोआ हा कोळीवर्गीय परजीवी तांबूस-तपकिरी, चकचकीत, सुमारे दीड मिलिमीटर रुंद व आडवा अंडाकार असतो. तो हलतो, पराग हलत नाही. राणीच्या पाठीवरचा रंगाचा ठिपका मधुपालानेच लावलेला असतो : राणीच्या जन्मवर्षाचा शेवटचा अंक 1 किंवा 6 असल्यास पांढरा, 2 किंवा 7 पिवळा, 3 किंवा 8 लाल, 4 किंवा 9 हिरवा, 5 किंवा 0 निळा. राणी फुलांवर जात नाही, तेव्हा तिच्या पाठीवरच्या पांढऱ्या ठिपक्याचा विचार पराग म्हणून करू नये.

फुलाची खात्री नुसत्या रंगावरून करणे धोक्याचे. पांढरा पराग अनेक झाडांचा असतो. खुणेतला थोडा पराग ओल्या कुंचल्याने काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. तेरड्याचा कण आयताकार व चार छिद्रांचा, मोहरीचा तीन चिरांचा आणि जाळीदार, तर तिळाचा दहाहून अधिक चिरांचा असतो.